चुकीची चिठ्ठी

जपानहून परतल्यावर आम्ही रोह्याला, बायकोच्या माहेरी, ग्रामदेवतेच्या दर्शनाला गेलो. तिने देवापुढे दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवल्या. गुरवाने विचारलं, "ताई, डास लय झालेत व्हय?"

ही सवय तिला लागली जपानच्या शिंतो धर्माच्या एका देवळात. आम्ही दोघं पेणचे निवृत्त शिक्षक. लेक जपानमध्ये नोकरीला, तिच्याकडे महिनाभर राहिलो होतो. एका रविवारी तिने आम्हाला डोंगरावरच्या फार जुन्या देवळात नेलं.

वर लाल लाकडी कमान. "मधून चालू नका, मधली वाट देवाची," लेक म्हणाली. आम्ही गटाराकडेने चालावं तसे कडेकडेने आत गेलो. पुढे दगडी कुंड आणि लांब दांड्याच्या पळ्या. तिथे हात धुऊन चूळ भरायची असते. लेक हे सांगेपर्यंत बायको तीर्थ समजून ओंजळभर प्यायली होती आणि उरलेलं तिने माझ्या टकलावर शिंपडलं होतं.

मग टाळ्यांचा नमस्कार झाला आणि भविष्याच्या चिठ्ठ्या काढल्या. बायकोची निघाली उत्तमातली उत्तम. माझी वाचताना लेकीचा आवाज उतरला.

"बाबा, महाअशुभ आहे. प्रवासात खोळंबा होईल."

"पेणहून मुंबईला निघालं की रोजचंच आहे ते."

वाईट चिठ्ठी तिथल्या तारेला बांधून यायची, म्हणजे अशुभ देवळातच राहतं. बायको फोटो काढत होती म्हणून तिचीही चिठ्ठी माझ्याच हातात होती. मी एक चिठ्ठी तारेला बांधून दोन घट्ट गाठी मारल्या. डोंगर उतरून स्टेशनवर आल्यावर तिची चिठ्ठी परत द्यायला काढली, तर लेक बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचं नशीब बांधून आलात!"

पुन्हा डोंगराच्या सगळ्या पायऱ्या चढलो. तारेवर शेकडो पांढऱ्या चिठ्ठ्या, सगळ्या सारख्याच. बायको एकेक चाचपत होती. "तुमची गाठ मी वळखते. पिशवीला मारता तशी, सुटतच नाय."

तेवढ्यात पांढऱ्या झग्यातला पुजारी आला. लेकीने त्याला सगळं सांगितलं. तो न हसता जे म्हणाला ते लेकीने मराठीत सांगितलं, "चांगली चिठ्ठीही पुष्कळजण इथेच ठेवतात. देव सांभाळतो."

बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने माझी चिठ्ठी ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने बांधली.

परत स्टेशनवर येऊन बाकड्यावर बसल्यावर तिने पेणहून नेलेले, सकाळी भाजून घेतलेले पोह्याचे पापड काढले. मला दोन जास्त दिले.