आधी पाणी, मग बोलणं

या पानावरचे वाचकांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलेसुद्धा आहे. आम्ही घोडेगावची दुकानदार माणसं. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून आमच्या जैन घरात जे काट्यावर ठेवता येतं तेवढंच खरं. ताईत नाही, उतारा नाही, अमावास्येची भीती नाही. त्यात माझं शिक्षण इंटरनॅशनल बिझनेसचं – पुण्यात, एमबीए. कागद पुरे नसतील तर माल बंदरावरून हलत नाही, हे शिकलेली मी असल्या गोष्टींना कुठून मानणार? तरी लिहितेय. आता पोटात ठेवणं जमत नाही.

आमचं किराण्याचं दुकान, आणि उन्हाळ्यात हिरड्याची खरेदी. भीमाशंकरकडच्या डोंगरातल्या बायका हिरड्याची कोवळी फळं गोळा करून कातळावर वाळवतात. वाळून काळी, टणक झाली की तो बाळहिरडा, औषधाला जातो. पप्पांचा एक नियम आहे – डोंगर उतरून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं. गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पायरीवर पोचल्याशिवाय ते मालाला हात लावत नाहीत.

त्या बायकांतली चिमाबाई माझ्या जन्माआधीपासून दुकानात यायची. शिनोलीच्या वरच्या अंगाला तिची वाडी. सत्तरी ओलांडलेली, मूलबाळ नाही, पुतण्याकडे राहायची. मी तिला आजी म्हणायचे. मूठभर हिरडा घ्यायची, कानाशी नेऊन खुळखुळवायची आणि म्हणायची, "वाजतोय बघ कसा. वल असंल तर मुका ऱ्हातो." लहानपणी मलाही शिकवायला गेली, पण मला त्या आवाजातला फरक कधी कळलाच नाही.

शेवटच्या सेमिस्टरला आम्हा प्रत्येकाला आपापल्या भागातली एक वस्तू परदेशी बायरपर्यंत न्यायची होती. मी हिरडा घेतला. युरोपातल्या एका औषध कंपनीकडून इन्क्वायरी आली आणि मला शिंगंच फुटली. अकरा बायकांनी त्या वर्षी दुसऱ्या कुणाला माल दिला नाही, सगळा माझ्यासाठी ठेवला. अकरावी चिमाआजी स्वतः, आणि बाकी दहा जणींना तिनंच तयार केलं होतं. "शेटची पोर हाय, शिकल्याली हाय, ती आपल्याला बुडवनार न्हाई," असं तिनं वाडीवाडीवर जाऊन सांगितलं. अकरा घरांचा अख्खा हंगाम माझ्या शब्दावर आमच्या गोडाऊनमध्ये येऊन पडला.

पॅकेजिंगच्या पेपरात मी वर्गात पहिली होते. त्यामुळे प्रत्येक गोणीच्या आत प्लॅस्टिकची लायनर बॅग, तोंड मशीननं सील, हवा आत जायला नको... सगळं पुस्तकाबरहुकूम. सील करण्याआधी मीटरनं ओलावाही मोजला. पण मोजला तो गोणीच्या वरच्या थरात. तळाशी हात घालून बघावा, हे काही सुचलं नाही. आठवडाभर आधी वळवाचा शिडकावा झाला होता, तेही लक्षात घेतलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो बैल माझाच.

प्रदर्शनाच्या आठवड्यात मंगळवारी पप्पा कामानिमित्त बाहेरगावी गेले होते आणि दुकानात मी होते. कानात इअरफोन, समोर लॅपटॉप, गुरुवारी कॉलेजात हेच प्रोजेक्ट मांडायचे होते, त्याबद्दल वर्गातल्या ग्रुपचा कॉल चाललेला. भर दुपारी चिमाआजी आली. शिनोलीपर्यंत पायी आणि पुढे जीपनं. पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"पोरी, त्या पिशव्यांची तोंडं मोकळी ठेव गं. माल वाफ धरंल."

मी एका कानातला इअरफोन काढला. "आजी, मी हेच तर शिकतेय. तिकडे असंच लागतं."

"तसं असंल बाई," ती म्हणाली.

मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. कॉल संपवून पाहिलं तर पायरी रिकामी होती. तिला पाणी विचारायचं राहून गेलं होतं. तांब्या माझ्यापासून दोन हातांवर होता.

गुरुवारी पुण्यात आमच्या विभागाच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. प्रत्येकाचं एक टेबल. माझ्या टेबलावर काचेच्या वाडग्यात त्याच मालातला हिरडा आणि शेजारी गुळगुळीत कागदावर छापलेली माहितीपत्रकं. दुपारचे अडीच वाजले असतील, जेवणामुळे हॉल जवळजवळ रिकामा होता. मी पत्रकं सारखी करत होते. मान वर केली तर समोर चिमाआजी!

मला आधी आनंदच झाला, हे मुद्दाम सांगते. भीतीबिती काही वाटली नाही. तेच हिरवं लुगडं, तेच धुळीनं पांढरे झालेले पाय. वाटलं, पप्पांनी गाडीत घालून आणलं असेल. आणि लगेच मंगळवार आठवला, लाज वाटली.

"आजी! बस, आधी पाणी आणते."

"पानी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. तिनं वाडग्यातली मूठभर फळं उचलली, कानाशी खुळखुळवली. मग माझ्याच एका पत्रकावर ती ओतली आणि पालथ्या हातानं पातळ पसरली. "मुका हाय. भिंतीकडच्या तीन गोन्यांना आधी हात घाल. बाकीच्या मागनं बघ. बायांनी माज्या तोंडाकडं बघून दिल्यात गं."

"हो आजी, आत्ता फोन करते. पण तू बस, मी पाणी घेऊन येते."

कूलर दारापाशीच होता. ग्लास भरून वळायला किती वेळ लागतो? मी वळले तर टेबलापाशी कुणी नव्हतं. बाहेर धावले. जिन्यात कुणी नाही, गेटवरच्या वॉचमनला विचारलं, तो म्हणाला अशी कुणी बाई आलीच नाही. शेजारच्या टेबलावरची तन्वी तेवढ्यात जेवून आली होती. तिनं मला फक्त ग्लास घेऊन पळताना पाहिलं.

मी तशीच उभी राहून पप्पांना फोन लावला. "भिंतीकडच्या तीन गोण्या फोडा. आधी त्या, मग सगळ्या." पप्पा म्हणाले, "आमच्या एक्स्पोर्ट मॅनेजरला आज काय झालं?" पण माझा आवाज ऐकून लगेच गोडाऊनकडे निघाले.

पाचला त्यांचा फोन आला. त्या तीन गोण्या आतून गरम झाल्या होत्या, बुरशीचा वास सुटला होता. बाकीच्या नुसत्या दमट होत्या. सगळा माल अंगणात पसरला होता, बराचसा वाचेल म्हणाले. मग विचारलं, "बेटा, तू गेल्यावर मी गोण्या कशा लावल्यात ते तू पाहिलंही नाहीस. तुला कुणी सांगितलं?"

"चिमाआजी आली होती ना इथं."

पप्पा म्हणाले, "अगं... तिचा पुतण्या आत्ताच सांगून गेला. मंगळवारी घरी गेली ती ताप घेऊनच. आज सकाळी गेली ती."

परत येऊन टेबलावर ठेवलेला ग्लास अजून तसाच होता. तो ओतून टाकायला माझा हात होईना. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर रडले.

बाराव्याला मी आणि पप्पा वाडीवर गेलो. मी घरात पाऊल टाकते तोच पुतण्याच्या बायकोनं तांब्या पुढे केला. "लांबनं आलाय ताई, आधी पानी घ्या." तांब्या तसाच हातात धरून मी पुतण्याला म्हटलं, "मंगळवारी मी त्यांना साधं पाणीसुद्धा दिलं नाही हो." तो म्हणाला, "तुमच्यावर राग न्हवता तिचा. घरी आली तवा म्हनली, पोरगी कामात व्हती, तिला कशाला तरास द्यायचा." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

कॉलेजातल्या आमच्या प्रोजेक्टच्या सरांचं म्हणणं, शंका माझ्याच मनात होती आणि मनानं तिला चिमाआजीचा चेहरा दिला. हिरडाही मीच पसरला असेन. असेलही. पण भिंतीकडच्या तीनच गोण्या, हे माझ्या मनाला पुण्यात बसून कसं कळलं, ते सरांना सांगता येत नाही आणि मलाही नाही. ते पत्रक मी जपून ठेवलंय. जिथे जिथे फळं टेकली होती तिथे ओलीचे तपकिरी डाग आहेत.

वाचलेला माल पुढे विकला गेला, दहा जणींच्या हातात आणि चिमाआजीच्या वाट्याचे तिच्या पुतण्याच्या हातात पैसे पोचले. मला पदवी मिळाली. सुट्टीत घरी असले की दुकानातला पाण्याचा तांब्या आता मीच भरते. पायरीवर कुणी आलं की फोन पालथा ठेवते, पाणी देते आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत समोर बसते. त्या मंगळवारी एवढंच करायचं होतं.