बेलमधले सेल

मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं, त्या सुमाराची गोष्ट. मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होतो आणि सुटीच्या दिवशी घरी चार पायांचा रोबो बनवत होतो. रिमोटवर चालणारा, वायरीशिवाय. वेड नुसतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे पाय, प्रत्येक पायाला दोन मोटरी, आणि चाल म्हटलं की पठ्ठ्या लोटांगण घालायचा.

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. बोलणं जवळजवळ गेलेलं. त्यांच्या डाव्या हाताशी मी बिनवायरीचं बटण दिलं होतं. दाबलं की स्वयंपाकघरात बेल वाजायची, चांगली खणखणीत, गच्चीपर्यंत ऐकू येईल अशी. गल्लीत माझं कौतुक झालं होतं आणि मला ते आवडलंही होतं.

घोळ असा झाला, की रोबोतही मी तसलाच वायरलेसचा संच बसवला. दोघांचा कोड एकच. रोबोनं पाऊल उचललं की इकडे बेल वाजायची आणि आई कणकेच्या हातांनी वडिलांकडे धावायची. तीनदा धावली. चौथ्यांदा म्हणाली, तुझं ते जनावर आवर आधी. कोड बदलणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण मला कुठला दम निघतोय. बंदोबस्त केला म्हणून तिला सांगितलं, बेलमधले सेल काढून खिशात टाकले आणि गच्चीवर गेलो.

आणि नेमका त्याच दिवशी तो चालला. सहा पावलं, न पडता. मी वरूनच आईला हाका मारल्या. ती जिन्यात थबकली.

"अरे, त्यांनी बेल दाबली तर वर ऐकू येईल ना?"

"येईल गं. ये लवकर."

सेल मांडीला टोचत होते. विसरलो होतो, असं म्हणायचीही सोय नाही. दोन मिनिटांत काय होतंय, असं वाटलं. आईनं पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या, पुन्हा चालव म्हणाली. मी पुन्हा चालवला.

खाली आलो तर वडील पलंगावरून पडलेले. कपडे ओले, बटण मुठीत, अंगठा अजून दाबतोय. दोघांनी त्यांना उचललं. आई रडत त्यांना पुसत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सेल घातले. नंतर तिनं बटण दाबून पाहिलं. बेल वाजली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही, लाज वाटते लिहिताना. बेल चांगली, म्हणजे आपलेच कान गेले, असं तिनं धरलं. डॉक्टरांनी तपासून कान उत्तम आहेत म्हटलं, तर म्हणाली, मग माझंच लक्ष नव्हतं. त्यानंतर वडील होते तोवर ती गच्चीवर गेली नाही, की कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही. भाजीसुद्धा पलंगापाशी बसून निवडायची.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मावशी आली होती, तिला आई सांगत होती, "ते बेल दाबत होते गं, आणि मी वर टाळ्या वाजवत होते."

मी शेजारीच बसून चहा पीत होतो.