मामाच्या मांडीवरचा बाप्तिस्मा

आम्हा मायलेकींचा बाप्तिस्मा रविवारी ठरला, आणि सोमवारपासून पोरीने हट्ट धरला की, मामा आला तरच ती डोक्यावर पाणी घेणार. वय वर्षे सहा. का, तर कान टोचले तेव्हा ती मामाच्या मांडीवर बसली होती. मामा नसला की दुखतं म्हणे!

आता हिला काय सांगू? वर्षापूर्वी ह्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि मी माहेरी कल्याणला न जाता ठाण्यात ह्यांच्यापाशीच राहिले. तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, मेलेल्या माणसाची करतात तशी, माझ्या नावाने अंघोळ केली. त्यानंतर ना निरोप, ना पाऊल. तरी भाऊबीजेला मी ताट लावून दारात बसले होते. वेडीच मी!

"अगं, हे कान टोचणं नव्हे," मी म्हटलं. "हे तारण आहे. आपण पापात रुतलेले असतो."

"रुतलेले म्हणजे?"

"कोलशेतला खाडीच्या चिखलात रुतली होतीस ना तू? धडपडलीस तितकी खाली गेलीस. आपलं आपल्याला निघता येत नाही. म्हणून प्रभू येशू स्वतः उतरतो आणि आपल्याला वर काढतो."

"मला तर मामाने काढलं. नवं धोतर होतं त्याचं."

"हो, पण..."

"मग मामाच पाहिजे."

मी तिला ह्यांच्याकडे पाठवली. हे शिकलेले, बायबल तोंडपाठ. बऱ्याच वेळाने पोर बाहेर आली आणि म्हणाली, "बाबांनाही नीट ठाऊक नाही." मग पाळकबुवा आले. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "बाळ, पाप म्हणजे काय?"

"मामा येत नाही ते."

पाळकबुवांनी माझ्याकडे पाहिलं. माझं डोकंच फिरलं. "नाही येत तुझा मामा! मेला हट्टी आहे, अगदी तुझ्यासारखा!" असं ओरडले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. ह्यांनी मला न विचारता कल्याणला निरोप धाडला, भाचीने मांडी मागितली आहे म्हणून. कळल्यावर मी ह्यांच्याशीही भांडले. न येणाऱ्याची वाट पुन्हा बघायची माझ्यात ताकद नव्हती.

रविवारी ख्रिस्ती देवळाच्या अंगणात चिंचेखालच्या पारावर दादा बसला होता. छत्री आडवी धरून, आमच्याकडे पाठ करून, जणू दुसऱ्याच कामाला आला होता.

"मी आत यायचा नाही," तो चिंचेला ऐकवत म्हणाला. "कुणाला मांडी हवी असेल तर इथे आहे."

पोरीला तेवढं पुरलं. आत आधी माझा बाप्तिस्मा झाला, मग तिचा. पाळकबुवांचा हात सढळ, पोर चिंब झाली, पण हूं की चूं नाही. शेवटचं आमेन होताच ती दाराबाहेर पळाली आणि धपकन मामाच्या मांडीवर बसून तिने ओलं डोकं त्याच्या छातीला घासलं.

मी धावत गेले. आता हा तिला झटकणार, आणि मग सगळंच संपलं.

"दादा, ओली आहे रे ती," वर्षभराने तोंड उघडलं, तर एवढंच सुचलं.

तो धोतराकडे बघत राहिला. "एकदा तुझ्या नावाने अंघोळ केली होती," तो म्हणाला, "आज तुझ्या पोरीने घातली. झाली फिटंफाट."

मला रडू आवरेना. त्याने मात्र तिच्या पाठीत हलकेच चापट मारली. "वळवळू नकोस गं. कान टोचतानाही अशीच करत होतीस." आणि पोरीचं डोकं वाळेपर्यंत तो जागचा हलला नाही.