पोचे आलेल्या पुंगळ्यांचा हार

परीक्षित सबनीस कुणाच्या अध्यात ना मध्यात. फ्रीमाँटला टाउनहाउस, सांता क्लाराला नोकरी, आणि इतक्या वर्षांत मित्र म्हणावा असा एकच, उल्हास. घटस्फोटानंतर उल्हास एकटाच राहायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तरी परीक्षितला तो हवा असायचा, कारण दुसरं होतं कोण?

रायफलचा नाद उल्हासनंच लावला. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, तेल लावून साच्यात दाबायच्या, मापात आल्या की नवी दारू भरून नवी गोळी बसवायची. हा उद्योग शनिवारी उल्हासच्या गॅरेजमध्ये चाले.

"तेल सढळ हातानं लाव, यार. पुण्याचा कंजूषपणा इथे नको," उल्हासनं शिकवलं.

परीक्षितनं बाळाला चोळावं तसं तेल चोळलं. साच्यातून निघालेल्या प्रत्येक पुंगळीच्या खांद्यावर, जिथे ती निमुळती होते तिथे, पोचा. त्यानं साचा बदलला, दाबायची प्रेस साफ केली, नव्या पुंगळ्या आणल्या. पोचे काही जाईनात.

मराठी मंडळाच्या पिकनिकला उल्हासनं माइक हातात घेतला. "आता सत्कार आमच्या पोचेसम्राटांचा!" जरीकाठी शाल, श्रीफळ आणि त्याच बिघडलेल्या पुंगळ्या ओवून केलेला हार. लोक पोट धरधरून हसले. परीक्षितची मुलगी सावनी पुढेच बसली होती.

"डॅड, टेक इट ऑफ. प्लीज," ती पुटपुटली.

फोटो होईपर्यंत तो हार घालून उभा राहिला. घरी येऊन त्यानं शाल गाडीच्या डिकीत फेकली. सावनी मात्र त्यानंतर मंडळात आलीच नाही. परीक्षितला स्वतःच्या अपमानापेक्षा तेच जास्त झोंबलं.

मग तो इरेला पेटला. एकदा त्यानं फडक्यानं पुंगळी पुसली, तेलाचा नुसता हात फिरवला आणि दाबली. गुळगुळीत निघाली. जास्तीचं तेल साच्यात अडकत होतं, आणि बाहेर पडायला जागा नसल्यानं पितळ आत दाबत होतं. एवढंच! त्यानं आनंदानं उल्हासला फोन केला.

"माहीत होतं रे," उल्हास हसला. "बघत होतो, तुला कधी कळतं ते."

असल्या माणसाच्या मुस्कटात मारावी. परीक्षित मात्र "हो का" म्हणाला आणि फोन ठेवला.

उल्हासला वस्तू टाकवत नसे. दह्याचे डबे, धुतलेल्या झिपलॉक पिशव्या, तशाच पुंगळ्या. एकेक किती वेळा भरली, देव जाणे. पुढच्या खेपेला डोंगरातल्या नेमबाजीच्या रेंजवर परीक्षितनं उल्हासच्या डब्यातलं काडतूस उचललं. बुडाशी चकचकीत कडं उमटलं होतं. पितळ आतून झिजलंय, पुंगळी तिथेच फाटून गरम वायू तोंडावर येणार, याची ती खूण. हे शिकवलं होतं उल्हासनंच.

"उल्हास, जरा हे..."

"पोचेसम्राट मला शिकवणार?" उल्हास शेजारच्या गोऱ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाला. ते हसले.

परीक्षितच्या मनात सावनीचा चेहरा आला. अजून एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. उल्हासनं नेमबाजीचा जाड गॉगल न लावता नेहमीचाच चष्मा ठेवला होता, तेही त्याला दिसत होतं. त्यानं काडतूस होतं तिथे ठेवलं आणि चार पावलं मागे सरला.

उल्हासनं तेच काडतूस भरलं आणि चाप ओढला. आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला. उल्हास तोंड झाकून खाली बसला. बोटांतून रक्त येत होतं.

उजवा डोळा वाचला नाही. हॉस्पिटलमध्ये, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या उल्हासनं परीक्षितची चाहूल घेत विचारलं,

"तुला ते कडं दिसलं होतं, ना?"

"दिसलं होतं," परीक्षित म्हणाला. "बघत होतो, तुला कधी दिसतं ते."

हे बोलून बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. बरं वाटलंही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

एसीच्या गारठ्यानं उल्हास थरथरत होता. त्यानं हात पुढे करून चाचपडत परीक्षितचं मनगट धरलं. "मला घरी कोण नेईल रे?"

"मी आहे ना."

परीक्षित खाली गेला, डिकी उघडली आणि ती शाल घेऊन आला. उल्हासच्या खांद्यांवर त्यानं ती नीट पांघरली. उल्हासनं बोटांनी जरीचा काठ चाचपला, ओळखला, आणि शाल तशीच राहू दिली.