अळणी नवस

माझा मामेभाऊ अमळनेरला मोटार रिवाइंडिंगचं काम करायचा. नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्याला एचआयव्ही आहे हे तो, मामी आणि मी एवढ्यांनाच माहीत होतं. शेजाऱ्यांना टीबी सांगितला होता. टीबीही होताच.

टीबीची औषधं चालू असूनही तो खचत गेला. उभा राहिला की अंधारी यायची, जेवण समोर आलं की मळमळ. कातडी काळवंडली, तळहाताच्या रेषा आणि हिरड्यासुद्धा. मामीने देवीला नवस बोलला: पोरगा कामावर जाईपर्यंत घरात अळणी. एरवी आजाऱ्यासाठी घरातलं एखादं माणूस मीठ सोडतं. मामीने सगळं घर धरलं, आजाऱ्यासकट. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, सगळं बिनमिठाचं.

एका रविवारी मी जळगावहून गेलो, तेव्हा तो शेजाऱ्यांच्या बरणीतला लोणच्याचा खार बोटाने चाटत होता. मामीने बरणी काढून घेतली. एवढा बाप्या माणूस आणि जीभ आवरत नाही, मग देवी कशी पावेल, असं तिने सुनावलं.

"माय, माले दुसरं काहीच गोड लागत नही," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात तो मोरीत कोसळला. जीप करून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, हा मीठ मागतो का? मी लोणच्याच्या खाराचं आणि नवसाचं सांगितलं. ते रागावले नाहीत. मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात, शरीरातलं मीठ आणि रक्तदाब त्यांच्या रसावर टिकतो. या दोन आजारांत त्या निकामी होऊ शकतात, असं त्यांनी समजावलं. सलाइन आणि इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला. पुढे रोज गोळी, आणि मीठ भरपूर. मूळ आजारावर आपल्याकडे काही नाही, हे त्यांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. मुंबईत औषधं होती. आमच्या आवाक्यात नव्हती.

परतीच्या एसटीत मामी म्हणाली, "नवस मी करेल शे, त्यानी नही."

घरी तिने वरणाची दोन पातेली चढवली. आपलं अळणी ठेवलं, त्याच्यात मीठ घातलं. पहिल्या घासाला तो म्हणाला, "आते जास्तच खारट करी टाकं, माय." ती हसली नाही.

त्या हिवाळ्यात तो दुकानात जाऊ लागला, दुपारपर्यंत बसायचा. मामीच्या लेखी नवस पूर्ण झाला. तिने देवीला जाऊन तो फेडला आणि मीठ खाऊ लागली. घरात पुन्हा एकच पातेलं चढू लागलं.

उन्हाळ्यात ताप उलटला. पाऊस लागण्याआधी तो गेला. गोळी शेवटपर्यंत चालू होती.