न धुतलेला जबडा

कवळ्या करून देणारा माणूस दिवसभर लोकांच्या दातांत असतो. घरी आला की तो दातांचं नाव काढणार नाही, असं तुम्हाला वाटेल. या गृहस्थाचं उलटंच होतं. त्याला मेलेल्यांचे दातही हवे होते, आणि तेही लाखो वर्षांपूर्वी मेलेल्यांचे. नदीकाठ असो, खडीचा ढीग असो, खणलेला रस्ता असो, तो मान खाली घालून जीवाश्म शोधत फिरायचा. गल्लीत त्याला सगळे दगडोबा म्हणत, आणि तोंडावर म्हणत.

दगड मांडले होते मागच्या खोलीत, लांब फळीवर. फळीखाली सासूबाईंचा पलंग.

"जावईबापू," त्या म्हणायच्या, "एखादा डोक्यात पडला की मलाही उचलून वरच ठेवा. चिठ्ठी तेवढी लावा."

बायको मात्र थट्टेच्या पलीकडे गेली होती. घरामागे सांडपाण्याच्या नळासाठी चर खणायला घेतला, तेव्हा तिने एकदाचं सांगून टाकलं. "अहो, संग्रहालयात लोकांचे दगड बघून सांगतात ना? जा घेऊन. एक तरी खरा निघाला तर फळी राहील. नाहीतर सगळे चरात, आणि वर माती."

"खरा-खोटा ठरवायचा कोणी?"

"तुम्ही सोडून कोणीही."

दगडोबाचं तोंड उतरलं. पण त्या चरानेच त्याला हात दिला. नळवाल्याच्या फावड्याला काहीतरी लागलं, आणि मातीतून जबडा वर आला. खालचा. तपकिरी, गंजाचे डाग पडलेला, चिखलाची पुटं चढलेला, आठ दातांचा. बायको बादली घेऊन आली तसा दगडोबा जबड्यावर आडवाच पडला.

"पाणी लावायचं नाही! धुतला की पुरावा गेला!"

हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. अर्धवट वाचलेलं माणसाच्या डोक्यात पुऱ्या वाचलेल्यापेक्षा घट्ट बसतं.

जेवणं झाल्यावर त्याने भिंग लावून निकाल दिला. "हा माणसाचा मूळपुरुष. सुळा बघा कसा आडवा, भांडखोर जात. आणि झीज बघा. खायला काही नसलं तरी तोंड चालूच असणार."

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "घरच्यांनी छळला असेल."

संग्रहालयात तिघंही गेले. सासूबाईंना घरी करमेना. बाकावर यांच्या आधी एक निवृत्त ड्रायव्हर मांडीवर अंडं घेऊन बसला होता, अजस्र प्राण्याचं. तपासणाऱ्या बाईंनी ते हातात घेऊन फिरवलं.

"हा गोटा आहे, काका."

"पण आत काहीतरी हलतंय."

"तुमचा हात हलतोय."

मग दगडोबाची पिशवी उघडली. "हा काळा खडक," बाई म्हणाल्या. "हा विटेचा तुकडा. हे डांबर." प्रत्येक वस्तूला बायको हळूच म्हणत होती, "चरात. चरात. चरात." शेवटी त्याने रुमाल सोडला आणि जबडा असा ठेवला, जणू झोपलेलं लेकरूच.

बाई पुढे वाकल्या. "माणसाचा दिसतोय. धुतला का नाही?"

"छे! तसा नियम आहे."

"कोणाचा?" असं म्हणून बाईंनी तो सरळ नळाखाली धरला.

चिखल गेला, डाग फिके झाले, आणि खालून पांढरं निघालं. ते पांढरं बाईंच्या आधी दगडोबाने ओळखलं. अख्खा जन्म त्याने तेच तर कालवलं होतं. प्लास्टर! बाईंनी जबडा उलटा केला. मागे टोकदार हत्याराने अक्षरं कोरली होती. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"सासूबाई. फुकट."

लग्नानंतर लगेचची गोष्ट. सासूबाईंचे उरलेले दात काढायच्या आधी त्याने माप घेतलं होतं, त्यात प्लास्टर ओतलं होतं, आणि कोणाचं काम ते मागे खरडून ठेवलं होतं. कवळी बसली, आणि साचा घरामागे फेकला गेला.

"फुकट?" सासूबाई उठल्याच. "महिनाभर टोचत होती ती कवळी! त्याचं काय?" मग त्यांनी चष्मा लावला आणि जबडा हातात घेतला. "माझाच सुळा. मी हसले की हा आधी हसायचा."

"जीवाश्म नाही म्हणता येणार," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "मालकीण हयात आहे."

"झालं," बायको म्हणाली. "चला, सगळं चरात."

"जन्मदात्या आईचा जबडा गटाराच्या चरात पुरतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"जबडा ठेव की तू उशाशी. दगड म्हणतेय मी."

"एक तरी खरा निघाला तर फळी राहील, असं कोण म्हणालं होतं? माझा जबडा खोटा आहे?"

बायकोने बाईंकडे पाहिलं. बाई टेबल पुसण्यात गुंतल्या होत्या.

"आणि एकटा कशाला ठेवू? लोक म्हणतील, म्हातारीचे दात काढून मांडलेत. दगडांच्या रांगेत असला की बघणारा मान देऊन बघतो."

फळी राहिली. चर शेवटी चरातल्याच मातीने बुजवला. जबडा मधोमध आहे. 'फुकट' तेवढं सासूबाईंनी दगडोबाकडून कानस मारून घालवून घेतलं. आता घरी कोणी आलं की त्या आधी पाहुण्याला मागच्या खोलीत नेतात.

"हा मूळपुरुष," त्या सांगतात. "भांडखोर जात. खायला काही नसलं तरी तोंड चालूच. मी नाही म्हणत, जावईबापूंनी भिंग लावून बघितलंय."