मोबाइलमधली अखंड ज्योत

वडील कोरेगावच्या बाजारात पोती उचलायचे आणि आई दुसऱ्यांच्या रानात घेवडा तोडायची. त्या कमाईवर मी सांगलीत विश्रामबागला राहून पदवी घेतली. घराण्यातला पहिला पदवीधर मीच, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. पदवीने नोकरी मात्र दिली नाही, म्हणून घरी परत आलो. एक कंपनी मला घ्यायला तयार होती, पण जपानी भाषेची पहिली परीक्षा पास व्हायची अट होती. शिकवणी परवडणारी नव्हती, म्हणून शब्द शिकवणारं फुकटचं अ‍ॅप घेतलं.

रोज धडा केला की त्यात एक ज्योत पेटायची, आणि एक दिवस चुकला की विझायची. परीक्षा तीन महिन्यांवर आली आणि मला टायफॉइड झाला. आईने ती ज्योत नवरात्रातल्या अखंड दिव्यासारखी मनावर घेतली. मी तापाने पडलेला, आणि ती रोज अंघोळ करून, फोन हातात घेऊन दिसेल ते बटण दाबायची.

बरा होऊन बघतो तर ज्योत लख्ख! आणि एवढ्या चुका पाहून अ‍ॅपने मला थेट पहिल्या धड्यावर आणून बसवलेलं.

"आई, हे काय केलंस?"

"इझू दिला न्हाई बघ तुझा दिवा!"

वडील हसले. "पदवी घिऊन गडी परत भात, पाणी, मांजर शिकतोय व्हय रं?"

चिडलो, पण पहिल्यापासून सगळं परत शिकलो. आधी घाईत ओलांडलेले शब्द या खेपेला पक्के बसले. परीक्षा पास झालो आणि त्या कंपनीत कामाला लागलो.